उतारावरचे अण्णा

माणूस घर बांधायला जागा बघतो तेव्हा पाणी बघतो, वारा बघतो, शेजार बघतो, फार तर ईशान्य कोपरा बघतो. आमच्या अण्णांनी उतार बघितला. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला त्यांचं घर अशा जागी आहे की रिक्षावाला खालच्या वळणावरच "इथंच उतरा" म्हणतो, नळाचं पाणी वर यायला कुरकुरतं आणि गॅसची टाकी आणणारा मुलगा दर खेपेला नवा असतो. पण अंगणापासून खालच्या वळणापर्यंत दीडशे पावलांचा सरळ, मोकळा उतार आहे. हँडब्रेक सोडायचा, दुसरा गिअर टाकायचा, जीपनं जरा वेग धरला की क्लच सोडायचा. धड्‌धड्‌ करत इंजिन चालू. एवढ्या एका सुखासाठी अण्णांनी निवृत्तीचे पैसे त्या चढावर घातले.

त्यांच्या लेखी तो चढ नाहीच. "मास्तर, चढ आन्‌ उतार एकच असतोय. आपुन कुटं हुबं हाय त्याच्यावर हाय," असं ते म्हणतात. ऐकणाऱ्याला हे अध्यात्म वाटतं. अण्णा बॅटरीबद्दल बोलत असतात. जीपची बॅटरी फार वर्षांपूर्वी गेली, आणि जे इंजिन उतारावर फुकट चालू होतं त्याला बॅटरी विकत आणणं अण्णांना उधळपट्टी वाटते. काकींचं म्हणणं वेगळं आहे. "लोकांचा संसार म्हातारपणी उताराला लागतो. आमचा ह्यांनी मुद्दाम नेऊन तिथं ठेवला."

अण्णा ही जात प्रत्येक गावात असते; साताऱ्यातला नमुना माझ्या शेजारी राहतो, एवढंच. कुठंही चार माणसं उघड्या बॉनेटभोवती उभी असली की न बोलावता पाचवा येतो, तो अण्णा. तो आधी काही बोलत नाही. हात पाठीमागं बांधून, मान जरा तिरकी करून, सोनार गहाणाचा डाग बघतो तसा आत बघतो आणि फक्त "च्‌" करतो. त्या एका "च्‌"मध्ये इंजिन, मेकॅनिक, मालक आणि चालू शतक अशा चौघांचा निकाल लागलेला असतो.

अण्णांचं वय ७६. उंची बेताची, मिशी पांढरी आणि उजव्या हाताचा अंगठा वाकडा. त्या अंगठ्याला ते आपली पदवी मानतात. १९७१ साली ते पाटबंधारे खात्यात जीपवर लागले तेव्हा जीप पेट्रोलची होती आणि थंडीत हँडल मारून चालू करावी लागे. हँडल मारताना पाचही बोटं एकाच बाजूला ठेवायची, अंगठा पलीकडून गुंडाळायचा नाही, कारण इंजिन उलटं फिरलं तर हँडल माघारी येतं आणि अंगठा घेऊन जातं. हा नियम अण्णांना वरिष्ठ ड्रायव्हरनं पहिल्याच दिवशी सांगितला. फक्त, अंगठा मोडल्यावर सांगितला.

त्या जीपबद्दल अण्णा बोलायला लागले की माझ्यासारख्या निवृत्त मास्तरालासुद्धा वही काढावीशी वाटते. जीपचं कपाळ एवढं उंच का, हे मला त्यांच्यामुळं कळलं. विलीजच्या युद्धातल्या जीपमध्ये इंजिनाचे सगळे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये होते. पुढच्या 'हरिकेन' इंजिनात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले, धूर सोडणारे खालीच राहिले. इंजिन उंच झालं, म्हणून बॉनेट उंच झालं. तीच ही सीजे-थ्रीबी, जी महिंद्रानं आपल्याकडं कित्येक वर्षं बनवली आणि जिच्यातून तहसीलदारापासून इंजिनिअरापर्यंत अर्ध्या सरकारनं महाराष्ट्र पाहिला. १९७२च्या दुष्काळात अण्णा साहेबांना घेऊन कामांवर फिरत. माण-खटावचं ऊन, खडीचे ढीग आणि चढावर मधेच आचके देऊन बंद पडणारी जीप. पेट्रोल पंपातच तापून त्याची वाफ व्हायची, आणि वाफ काही कार्ब्युरेटरपर्यंत जायची नाही.

"मग काय करायचा तुम्ही?"

"वलं फडकं ठेवायचं पंपावर. तापात प्वाराच्या कपाळाला ठेवतो तसं. साहेब झाडाखाली, मी फडक्यापाशी. धा मिंटांत उतरायचा ताप."

ओढा आडवा आला की पंख्याचा पट्टा काढायचा, नाहीतर पंखाच पाणी उडवून डिस्ट्रिब्युटर भिजवतो आणि ठिणगी मरते. डिस्ट्रिब्युटरला प्लॅस्टिकची पिशवी बांधायची, कडेनं ग्रीस थापायचं. जीप फार तिरकी झाली की कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल एका बाजूला सरकतं आणि इंजिन उपाशी मरतं, म्हणून आडव्या उतारावर रेंगाळायचं नाही. जेटमध्ये कचरा अडकला की जेट काढून तोंडानं फुंकायचा. आयुष्यात किती पेट्रोल पोटात गेलं याचा हिशेब अण्णांकडं नाही, पण ते अजून उदबत्ती स्वतः लावत नाहीत.

हे सगळं ऐकताना एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. अण्णांच्या झाडून साऱ्या आठवणी गाडी बंद पडल्याच्या आहेत. चौतीस वर्षांच्या नोकरीत काही दिवस तरी जीप सरळ गेली आणि सरळ आली असेल. त्या दिवसांबद्दल अण्णांना काहीही आठवत नाही. जिथं गाडी थांबली तिथलं मात्र झाड आठवतं, झाडाखालचा माणूस आठवतो, त्यानं दिलेली भाकरी आठवते, भाकरीवरचा ठेचा आठवतो. ओळखी, सोयरिकी, एकदा तर गाय, असं बरंच काही अण्णांना बंद पडलेल्या गाडीनं मिळवून दिलं आहे. काकींचं स्थळसुद्धा उंब्रजच्या पुढं पॉइंट घासत बसले असताना आलं.

पुढं खात्यात डिझेल जीप आली. आधी ट्रॅक्टरच्या जातीचं इंजिन, मग फ्रान्सच्या प्यूजोच्या धाटणीचं. त्या प्यूजोवर अण्णांचा जीव जडला. ठिणगी नाही, म्हणून प्लग नाही, पॉइंट नाही, डिस्ट्रिब्युटर नाही, पाण्याची धास्ती नाही. सकाळी हीटर द्यायचा, मनात वीसपर्यंत आकडे म्हणायचे आणि चावी मारायची. एकदा चालू झालं की त्याला विजेची गरजच नाही. बंद करायलासुद्धा डॅशबोर्डचा खटका ओढून त्याचं डिझेल तोडावं लागे. अण्णा निवृत्त झाले त्याच सुमारास खात्यानं जीप लिलावात काढली. अण्णांनी ती बोली लावून घेतली. लिलावाच्या आदल्या आठवड्यात तिच्यातून एवढा काळा धूर का निघत होता आणि बोली वाढवायला दुसरं कोणी पुढं का आलं नाही, हे मी त्यांना कधी विचारलेलं नाही. दुसऱ्या दिवशी धूर थांबला होता.

धूर हा अण्णांचा आवडता विषय. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळा म्हणजे ऑईल जळतंय, रिंगा गेल्या. पांढरा म्हणजे डिझेल न जळता बाहेर येतंय, किंवा आत पाणी शिरलंय. वैद्य जीभ बघतो तसे ते सायलेन्सर बघतात. मग भलामोठा स्क्रू-ड्रायव्हर इंजिनावर टेकवून त्याची मूठ कानाला लावतात आणि डोळे मिटतात. या अवस्थेत त्यांना हाक मारलेली चालत नाही.

आता यांचे जावई. जावईबापू पुण्याला, हिंजवडीत, संगणकावर काहीतरी करतात. माणूस सालस. एका दिवाळसणाला ते नवीकोरी थार घेऊन त्या उतारावर आले आणि सासऱ्याच्या आयुष्यात पेच उभा राहिला. परक्याची गाडी असती तर एका "च्‌"मध्ये काम भागलं असतं. पण जावयाच्या गाडीला "च्‌" करता येत नाही. तेव्हापासून अण्णांना नव्या इंजिनाचा सगळा उद्धार आदरार्थी बहुवचनात करावा लागतो.

"जावईबापू, गाडी लई देखणी हाय. आत इंजिन बी बशिवलंय का?"

"आहे ना, अण्णा. बघता?"

बॉनेट उघडलं. आत काळं प्लॅस्टिकचं झाकण. अण्णा वाकले, सरळ झाले, परत वाकले. "पातेल्यावर ताट, ताटावर फडकं. आत आमटी हाय का भात, कळायचं कसं? आमच्या जीपच्या बॉनेटखाली मानूस मांडी घालून जेवंल. हितं बोट जात न्हाय."

"बोट घालायची वेळच येत नाही, अण्णा."

हे वाक्य जावईबापूंनी अगदी निर्मळ मनानं उच्चारलं. अण्णा ते ऐकून जे गप्प झाले ते चहा येईपर्यंत.

चहानंतर आतली पाहणी झाली. गाडी ऑटोमॅटिक. अण्णा पायाशी बघत राहिले. "क्लच कुटाय?"

"नाही."

"मग डावा पाय काय करतो?"

"काही नाही. आराम."

"पगारी?" अण्णांनी विचारलं. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाला हा तपशील महत्त्वाचा वाटतो.

जावईबापूंनी एकदा मला समोर बसवून हिशेब मांडला. मी मराठीचा मास्तर, तरी तो मला कळला आणि आवडला. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचं इंजिन २१९९ सीसीचं, ताकद ६० अश्वशक्ती. अण्णांच्या जीपमधलं प्यूजो २११२ सीसीचं, ताकद ६२. २०२०च्या थारचं डिझेल इंजिन २१८४ सीसीचं, ताकद १३०. म्हणजे आजोबा, बाप आणि नातू, तिघांचं पोट जवळजवळ एकच, तरी नातू दुप्पट ओढतो. पिळाच्या ताकदीत तर फरक त्याहून मोठा: जुन्या डिझेलकडं १२० न्यूटन-मीटरच्या आसपास, नव्याकडं ३००, आणि तेही १६०० आरपीएमपासून, म्हणजे चिखलात जिथं खरी गरज असते तिथंच.

"हे कशानं झालं?" मी विचारलं.

"घास बारीक केला म्हणून," जावईबापू म्हणाले. जुन्या इंजिनात पंप डिझेल ढकलणार, नोझल उघडणार, फवारा आधी बाजूच्या छोट्या कप्प्यात पडणार, तिथं पेटणार आणि मग पिस्टनवर येणार. किती डिझेल, कधी, हे पंपाच्या पोटातल्या स्प्रिंगा आणि वजनं ठरवणार. नव्या इंजिनात दीड हजार बारच्या वर दाबलेलं डिझेल एका सामाईक नळीत कायम तयार असतं. टायरमध्ये हवा असते दोनेक बार, त्यावरून अंदाज करायचा. संगणक प्रत्येक नोझलला विजेनं उघडतो, तेही एका फेरीत एकदाच नाही. आधी चिमूटभर, मग मुख्य घास. त्या चिमटीमुळं स्फोट अंगावर येत नाही आणि डिझेलची ती धडधड कमी होते. शिवाय टर्बो, म्हणजे बाहेर चाललेल्या धुराच्याच जोरावर पंखा फिरवून हवा आत कोंबायची.

अण्णा ओसरीवर बसून हे ऐकत होते. ते म्हणाले, "म्हंजे हातानं भरवायचं. आमची आपली आपण जेवती."

आणि इथं, मला कबूल केलं पाहिजे, अण्णांचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. त्यांची जीप ड्रममध्ये साठवलेलं, धोतराच्या फडक्यातून गाळलेलं डिझेल मुकाट पिते. एवढ्या दाबावर काम करणाऱ्या नव्या नोझलची भोकं इतकी बारीक, की पाण्याचा थेंब आणि कचऱ्याचा कण म्हणजे मोठ्या खर्चाला आमंत्रण. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्स आलं, डिझेलमधलं गंधक ५० पीपीएमवरून १० वर आलं, आणि धुराच्या वाटेवर काजळी धरणारी गाळणी बसली. ही गाळणी भरली की गाडी मोकळ्या रस्त्यावर काही वेळ एका वेगानं पळवावी लागते, म्हणजे काजळी जळून जाते. दिवसभर चिखलात पहिल्या गिअरवर सरपटणाऱ्या गाडीला तेवढीच गोष्ट मिळत नाही.

"म्हंजे काम झाल्यावर तिला हिंडवून आनायचं?" अण्णांनी विचारलं. "म्हशीला न्हेतो तसं?"

"साधारण तसंच," जावईबापू हसले. "पण अण्णा, हिचा धूर बघा ना, दिसतसुद्धा नाही."

"त्येच तर. नाडीच लागत न्हाय तर औषध कशाचं द्यायचं?"

गेल्या वर्षी जुलैत, लावणीच्या दिवसांत, सगळ्यांनी गावी जायचं ठरलं. अण्णांचं गाव पाटण तालुक्यात, डांबर संपल्यावर तीन मैल आत. मधे ओढा, ओढ्यापुढं तांबड्या मातीची चढण. जावईबापू ज्याला ऑफ-रोडिंग म्हणतात त्याला अण्णा गावाला जाणं म्हणतात. दोन्ही गाड्या निघणार होत्या. जावईबापू आदल्या रात्री मुक्कामाला आले.

रात्री दोनच्या सुमारास, वयामुळं उठावं लागतं म्हणून, मी उठलो. खिडकीतून बघतो तर थारचं बॉनेट वर, आणि त्याखाली बॅटरीचा, म्हणजे हातातल्या बॅटरीचा, बारका उजेड. उजेडात पांढरी मिशी. काळं झाकण बाजूला ठेवलेलं. अण्णांचा हात आत कुठंतरी हळूहळू फिरत होता, अंधारात देवघरातली काडेपेटी चाचपावी तसा. मी खिडकी लावून घेतली. काही गोष्टी शेजाऱ्यानं बघायच्या नसतात.

सकाळी पाऊस. काकी आणि मुलगी जावईबापूंच्या गाडीत बसल्या. चाळीस वर्षांची निष्ठा काकींनी एका बंद होणाऱ्या काचेसाठी मोडली. अण्णांच्या जीपला कापडी हूड आहे, त्यामुळं मी आत छत्री उघडून बसलो. हँडब्रेक सुटला, दीडशे पावलं झाली, धड्‌धड्‌. अण्णांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू रोज पहिल्यांदाच होतं.

ओढ्याला गुडघाभर पाणी होतं. अण्णा उतरले, विजार वर खोचून काठीनं तळ बघत पलीकडं जाऊन आले. पंख्याचा पट्टा सैल केला. पुढच्या दोन्ही चाकांचे हब चिखलात बसून हातानं फिरवले. मग आत येऊन पुढचं एक्सल टाकलं, लो टाकला, पहिला गिअर घातला आणि पाय ॲक्सिलरेटरवरून काढून घेतला. जीप कोणी न हाकता, पोटातल्या पोटात पुटपुटत, जुनी गाय गोठ्याकडं निघावी तशी पाण्यातून पलीकडं गेली. खरं सांगतो, सुंदर होतं ते. एकूण वेळ, पाऊण तास.

जावईबापूंनी एक दांडा मागं ओढला आणि आले. थारला कंपनी ६५० मिलिमीटरपर्यंत पाणी चालतं म्हणते. हे त्याच्या आतच होतं. एक मिनिट लागलं असेल. काकींनी काचेतून हात केला.

"पानी आज कमीच हुतं," अण्णा म्हणाले.

चढणीवर म्हशी आडव्या आल्या. अण्णांनी ब्रेक मारला, क्लच दाबायला निमिष उशीर झाला आणि जीप बंद पडली. नाक आभाळाकडं, बॅटरी मेलेली. अण्णा शांत होते. उतार समोर नसला तर मागं असतोच. त्यांनी खिडकीतून हात काढून जावईबापूंना मागं सरकायची खूण केली. जावईबापू दोनशे फूट उलटे गेले. मग आम्ही उलटे सुटलो, रिव्हर्स गिअरमध्ये क्लच सुटला आणि इंजिन जागं झालं. म्हशी हे सगळं थांबून बघत होत्या. मी छत्री मिटून डोळे झाकले होते.

आम्ही चढण चढून वर आलो तरी थार येईना. वळून बघितलं तर ती अर्ध्या चढावर उभी. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला आणि ताकद गेलेली. पाय दिला तरी गाडी पुढं यायला मागेना.

अण्णांनी जीप लावली. नाक उताराला करून, हे सांगायला नको. आणि ते चढ उतरायला लागले. पावसात, शहात्तराव्या वर्षी, एवढ्या हलक्या पावलांनी उतरणारा माणूस मी लग्नाच्या वरातीतही पाहिलेला नाही.

जावईबापूंनी घाबरून वगैरे जायचं कारण नव्हतं. त्यांनी काडेपेटीएवढं यंत्र स्टिअरिंगखाली खुपसलं, मोबाईल काढला, आणि मोबाईल गाडीशी बोलायला लागला. "हवा मोजणारा सेन्सर आहे, त्याच्या सर्किटमध्ये..." ते वाचत होते.

"एअर फिल्टरच्या बाजूला बगा," अण्णा म्हणाले. "काळा कपलर आसंल."

सगळे त्यांच्याकडं बघायला लागले. मी आभाळाकडं बघायला लागलो.

"अण्णा, तुम्हाला कसं कळलं?" मुलीनं विचारलं.

"आवाजावरनं."

हवा मोजणाऱ्या वायरीला आवाज कसला, हे कुणी विचारलं नाही. बॉनेट उघडलं. अण्णांचा हात आत गेला तो थेट, इकडं नाही की तिकडं नाही. कपलर जागेवर होता, पण त्याचं कुलूप बसलेलं नव्हतं. चढणीच्या हादऱ्यांनी तो निसटत आला होता. अण्णांनी वाकडा अंगठा त्यावर ठेवला आणि दाबला.

टक्‌.

एवढाच आवाज झाला. अण्णांनी हात बाहेर काढला आणि क्षणभर त्या अंगठ्याकडं बघितलं. जावईबापूंनी मोबाईलवरून चूक पुसली, गाडी चालू केली. दिवा गेला. ३०० न्यूटन-मीटर परत आले.

बॉनेट बंद करायला जावईबापू वाकले आणि थांबले. काळ्या झाकणाच्या आतल्या कडेला ग्रीसचा ठसा होता. जुन्या, घट्ट, पिवळट ग्रीसचा, जे त्या गाडीत कुठंच वापरलेलं नाही. ठसा अंगठ्याचा. आणि अंगठा वाकडा. ते माझ्याकडं बघून घेतात का, म्हणून मी पुन्हा आभाळ गाठलं. जावईबापूंनी खिशातून रुमाल काढला, ठसा पुसला, रुमालाची घडी आत दुमडून खिशात ठेवली आणि बॉनेट लावलं.

"अण्णा," ते म्हणाले, "तुम्ही नसता तर आज बांधूनच न्यावी लागली असती."

अण्णा दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "इंजिन वाईट न्हाय तुमचं."

गावात पोचेपर्यंत ही हकीकत मला तीनदा ऐकावी लागली, वाटेत भेटलेल्या दोघांना धरून पाचदा. त्यात पाऊस वाढत गेला, चढण उभी होत गेली आणि मोबाईल निकामी झाला. थार आता अण्णांच्या आठवणीत दाखल झाली होती. बंद पडली होती ना ती!

त्यानंतर एक गंमत सुरू झाली आहे. जावईबापू साताऱ्याला आले की जेवताना सहज म्हणतात, "अण्णा, गाडीतून जरा आवाज येतोय. सवड मिळाली तर बघा." आम्हाला कुणाला आवाज ऐकू येत नाही. काकी ताटातून वर बघत नाहीत. रात्री दोनला बॉनेटखाली उजेड दिसतो, स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला असते, डोळे मिटलेले. आणि निघायच्या आधी, हे मी पाहिलं आहे, जावईबापू लवकर उठून सगळे कपलर एकदा दाबून घेतात.

"होता का आवाज?" ते चहाला विचारतात.

"हुता. आता न्हाय."

परवा मी सकाळी फिरून येत होतो. अंगणात दोन्ही गाड्या एकीमागं एक उभ्या होत्या, दोघींची तोंडं उताराकडं. क्लच नसलेल्या गाडीला उतारावर सोडून काही होत नाही. ती खाली जाते, चालू होत नाही. हे जावईबापूंना पक्कं ठाऊक आहे, आणि अण्णांनाही. तरी त्यांनी ती वळवून, दोनदा मागंपुढं करून, तशी लावली होती. अण्णा पाठीमागं हात बांधून, मान जरा तिरकी करून तिच्याकडं बघत उभे होते. मी थांबलो. बराच वेळ थांबलो.

"च्‌" काही आला नाही.